खुराड्याचं दार

रात्री झोपताना बबडीने दार नीट लावलं असेल का, ही काळजी मला सत्तावीस वर्षं आहे. तिचं वयही सत्तावीसच. पहिली दोन वर्षं ती पाळण्यात होती, ती वजा करायला माझी हरकत नाही.

काळजीला कारण आहे. माझ्या मुलीने या घरातलं एकही दार कधी लावलेलं नाही. फ्रिजचं, कपाटाचं, न्हाणीघराचं, सगळी उघडी. ती कुठून उठली आणि कुठे जाऊन बसली, हे उघड्या दारांवरून मागे मागे जात शोधून काढता येत असे. कॉलेजात असताना एकदा आम्ही दोघं बाहेरगावी गेलो, तेव्हा ही मुख्य दार सताड उघडं टाकून परीक्षेला निघून गेली. चोर आला नाही. शेजारच्या काकू आल्या. त्यांनी चार तास आमच्या सोफ्यावर बसून राखण केली, आणि ते त्या अजून ऐकवतात.

तेव्हा मी तिच्यामागून दारं लावत फिरले. हे म्हणायचे, "तू लावतेस म्हणून ती लावत नाही." ह्यांचं हे एक बरं आहे. शास्त्र सांगायचं आणि पेपर उघडून बसायचं.

बाकी मुलगी गुणी. कुणाशी भांडण नाही, कशाचा हट्ट नाही. शिक्षण झाल्यावर ती एका विमा कंपनीत तक्रार विभागात लागली आणि पाच वर्षं तिथेच राहिली. लोक फोनवर तोंडाला येईल ते बोलायचे. ही सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." पुढे ते घरीही सुरू झालं. "बबडे, कपाट उघडं आहे," म्हटलं की खोलीतून आवाज यायचा, "तुझी तक्रार नोंदवून घेतली आहे, आई."

मग या वर्षी मार्चमध्ये तिने नोकरी सोडली. का, ते सांगितलं नाही. "कंटाळा आला," एवढंच. साठवलेले पैसे घेऊन तीन महिने परदेशात फिरणार होती. सात शहरांची यादी करून तिने फ्रिजवर लावली, आणि फ्रिजचं दार उघडं ठेवून ती आम्हाला वाचून दाखवली.

मे महिन्यात गेली. दोन शहरं झाली. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, की ती एका शेतावर आहे. शेतावर पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. शहरातली माणसं तिथे येतात, शेळ्या बघतात, दूध पितात, दोन दिवस बूट चिखलात घालतात आणि परत जातात. हिने मात्र खोली घेतली नव्हती. रोज पाच तास काम करायचं, त्याबदल्यात राहणं-जेवण फुकट, अशी काहीतरी सोय असते.

"पंधरा दिवसांसाठीच, आई."

"म्हणजे तिथे मोलकरीण आहेस?"

"स्वयंसेवक म्हणतात."

"काम काय?"

"सकाळी शेळ्यांच्या लेंड्या काढायच्या, पेंढा बदलायचा. मग पाहुण्यांच्या चादरी."

ही बातमी मी घरात कुणाला सांगणार नव्हते. पण माझी नणंद त्याच दिवशी आली. आमच्या वन्सं अशा बातम्यांच्या वासावर येतात.

"लेंड्या काढायला एवढ्या लांब?" त्या म्हणाल्या. "वहिनी, आधी बोलायचं होतंत. मी इथेच कुठेतरी बघितलं असतं."

पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे पाच. उरलेली पाच शहरं फ्रिजवर तशीच आहेत.

ते शेत मी पाहिलेलं नाही, पण आता मला त्याची माहिती आमच्या मजल्याइतकी आहे. दगडी घर, एक अंगण, अंगणाच्या पलीकडे लाकडी खुराडं. तेरा शेळ्या, तेवीस कोंबड्या, त्यात एक कोंबडा. धान्याच्या जुन्या कोठारावर पाहुण्यांच्या दोन खोल्या. मालकीणबाई साठीच्या, एकट्या, गुडघ्यांनी अधू, बोलायला फटकळ. पाहुण्यांनी सकाळी टोपली घेऊन जायचं आणि आपल्या नाश्त्याची अंडी आपण वेचायची, हे त्या जागेचं मोठं आकर्षण. लोक त्यासाठी मुलाबाळांना घेऊन लांबून येतात. फोनला रेंज मात्र एकाच जागी मिळते. पाहुण्यांच्या खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की. दोन पावलं पुढे गेलं की फोन तुटतो.

मी रोज फोन करते. आमच्याकडे रात्री दहा वाजता तिकडे संध्याकाळचे साडेसहा वाजतात. ही वेळ मी पहिल्या दिवशी ठरवली. माझं स्वयंपाकघर आवरलेलं असतं, तिचं दुपारचं काम झालेलं असतं. मिनिट इकडे-तिकडे होत नाही. जूनमध्ये दोन दिवस तिने फोन उचलला नाही. हे म्हणाले, "अगं, झोपली असेल."

"संध्याकाळी साडेसहाला? दोन दिवस?"

शेताचा नंबर कुठे मिळेना. वेबसाइटवर लिहिलं होतं, की खोली आरक्षित केल्यावर संपर्क क्रमांक कळवला जाईल. मी खोली आरक्षित केली. दोन प्रौढ, दोन रात्री, बाळाचा पाळणा नको. नंबर आला. फोन लावला.

"हो, हो," मालकीणबाई इंग्रजीत म्हणाल्या. "किती वाजता पोचताय?"

"पोचत नाही. मला खोली नको. मी आई आहे."

"कुणाची?"

मी सांगितलं. मग त्या घरातला बिनतारी लँडलाइन फोन हातात घेऊन चालू लागल्या. त्यांचे गमबूट चिखलात वाजत होते, एक शेळी कानाशी ओरडली, आणि मग माझी मुलगी हसली. तिचा फोन शेळ्यांच्या हौदात पडला होता, बस. मालकीणबाईंचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी साधारण एकाच इयत्तेतलं, त्यामुळे आमचं जमलं. आरक्षण मी रद्द केलं. कारण विचारलं होतं, तिथे "मुलगी सापडली" असं लिहिलं.

तेव्हापासून मला आणखी एक सवय लागली. त्या वेबसाइटवर पाहुणे अभिप्राय लिहितात. मी रोज सकाळी चहाबरोबर ते वाचते. फोनवर भाषांतर होतं, वेडंवाकडं, पण कळतं. बबडी काय करते हे तिच्यापेक्षा मला पाहुण्यांकडूनच जास्त समजलं. एका बाईंनी लिहिलं होतं, की इथल्या मुलीने आमच्या लहान मुलाला धार काढायला शिकवलं, आता तो घरी कुत्र्याच्या मागे लागला आहे. एका गृहस्थांची तक्रार होती, की कोंबडा पहाटे चारलाच सुरू होतो. पुढे त्यांनीच लिहिलं होतं, की मुलीने वही काढून तक्रार लिहून घेतली आणि कोंबड्याशी बोलण्याचं आश्वासन दिलं. पाच तारे.

मी ते ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "तिकडे बढती मिळाली की तिला."

गंमत नव्हती ती, हे मला सप्टेंबरमध्ये कळलं. मालकीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नोव्हेंबरात आहे. नंतर तीन महिने त्या गावातल्या बहिणीकडे राहणार, जिन्याची पायरी चढायची नाही. तेवढे तीन महिने शेत, शेळ्या आणि दोन्ही खोल्या सांभाळशील का, असं त्यांनी बबडीला विचारलं होतं. एकटीने. सगळ्या किल्ल्या हातात देऊन.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"हो म्हटलं."

"विचारायचं तरी होतंस."

"विचारतेय ना. ऑगस्टचं तिकीट ढकलून अठ्ठावीस ऑक्टोबरचं केलंय, ते आणखी पुढे ढकलू का?"

मी म्हटलं, बघू. पाच वर्षं लोकांच्या शिव्या ऐकलेली माझी मुलगी, तिच्या आवाजात मी त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी हवं असल्याचं ऐकलं. आणि मी म्हटलं, बघू.

आता काल सकाळची गोष्ट.

चहा घेतला, चष्मा लावला, वेबसाइट उघडली. नवा अभिप्राय होता. कुण्या जोडप्याचा. चार तारे. खोली स्वच्छ, निसर्ग छान, दुसऱ्या रात्री आमच्या न्हाणीघरात नऊ कोंबड्या होत्या.

मी पुढे वाचलं. त्या संध्याकाळी मालकीणबाई गुडघा दाखवायला दवाखान्यात गेल्या होत्या. कोल्हा आला आणि चौदा कोंबड्या मारून गेला. खुराड्याचं दार उघडं होतं. उरलेल्या नऊ मुलीने अंधारात एकेक शोधून आणल्या आणि दुसरी सुरक्षित जागा नाही म्हणून आमच्या न्हाणीघरात ठेवल्या. आम्ही समजून घेतलं. मुलीचं वाईट वाटतं. ती आमच्या खिडकीखाली पाऊण तास फोनवर बोलत होती. दोन-तीन वेळा खुराड्याच्या दिशेने निघाली आणि परत आली. मुलांना अंडी मिळाली नाहीत, म्हणून एक तारा कमी.

तारीख दिली होती. चौदा. मी फोनमधली नोंद काढून पाहिली. चौदा तारीख, बबडी, त्रेचाळीस मिनिटं.

कोंबड्या तिन्हीसांजेला आपल्या आपण खुराड्यात जातात. त्या आत गेल्या की लगेच दार लावायचं, एवढंच काम असतं. अंधार पडताना कोल्हा फिरतो, त्यामुळे ती वेळ चुकवायची नाही. हे मला बबडीनेच मे महिन्यात सांगितलं होतं. तेव्हा तिकडे सूर्य रात्री नऊनंतर मावळायचा, म्हणजे माझ्या फोनच्या कितीतरी नंतर. मग जुलै गेला, ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. सूर्यास्त रोज दोन-तीन मिनिटं अलीकडे येत येत बरोबर माझ्या फोनवर येऊन बसला. मी भूगोल घेऊन बी.ए. झाले आहे. दिवस-रात्र लहान-मोठे का होतात, यावर मी परीक्षेत आकृतीसह दोन पानं लिहिली होती.

त्रेचाळीस मिनिटं मी काय बोलले, तेही आठवलं. पहिली पंधरा मिनिटं तिच्या खोलीच्या दाराबद्दल. रात्री आतून कडी लावतेस का, कडी घट्ट बसते का, बसत नसेल तर दाराला खुर्ची लाव. मग वन्संनी आणलेलं एक स्थळ, मुलाची उंची, मुलाच्या बहिणीला कुठे दिलंय. मधे तिने तीनदा म्हटलं, "आई, मी जाऊ?" मी तीनदा म्हटलं, "एक मिनिट." फोन तुटू देण्याची तिची प्राज्ञा नव्हती. ऑगस्टमध्ये एकदा ती फोन खिडकीच्या कठड्यावर ठेवून अर्धं मिनिट कुठे गेली, तर मी "हॅलो, हॅलो" करून एवढी ओरडले, की पाहुणे खिडकीत आले होते.

हे अंघोळीहून आले. मी फोन ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी वाचला नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. मेसेज केला होता तिने."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तिने बजावलं होतं. म्हणाली, आईला कळलं तर ती एकतर फोन करायचं बंद करेल, नाहीतर दिवसातून चारदा करेल. दोन्ही नको."

मी खुर्चीत बसले. ह्यांनी टॉवेल दोरीवर टाकला, मग उरलेलं सांगितलं. मालकीणबाईंनी विचारलं, दार का उघडं राहिलं. बबडी म्हणाली, "मी विसरले." तेवढंच. फोनचा शब्द काढला नाही. त्यावर मालकीणबाई म्हणाल्या, की हळू काम करणारं माणूस चालतं, वेंधळं चालतं, पण जनावरांना विसरणाऱ्या माणसाच्या हाती किल्ल्या देता येत नाहीत. गेल्या हिवाळ्यात कुणी एक माणूस आला होता, बहुतेक त्यालाच बोलावतील. रविवारी नक्की करणार आहेत.

"मग बबडी?"

"अठ्ठावीसला परत. तिकीट आहेच."

खोटं कशाला लिहू? मला आनंद झाला. चौदा कोंबड्यांचं वाईट वाटलं, पण ते आनंदाच्या मागे उभं होतं. काल दिवसभर मी बबडीची खोली आवरली. गादीला ऊन दाखवलं, धुतलेली चादर घातली, कपाट पुसलं. कपाटाचं दार उघडं होतं, पाच महिने. इतके दिवस ते मी लावलं नव्हतं, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. वन्संना फोन केला, की त्या स्थळाला थांबायला सांगा. वन्सं म्हणाल्या, "येतेय ना? मी म्हणतच होते. लेंड्या काय, आठ दिवसांचं कौतुक असतं."

आज रात्री दहाला नेहमीसारखा फोन लावला. कळल्याचं काही बोलायचं नाही, असं ह्यांना कबूल केलं होतं.

"जेवलीस?"

"सात वाजता जेवतो आई आम्ही. तू रोज विचारतेस."

"विमान किती वाजता उतरतं?"

"सकाळी सहा. बाबांना म्हणावं, येऊ नका, मी येईन." तक्रारीचा क्रमांक सांगावा तसा आवाज. वर नाही, खाली नाही.

"बरं वाटतंय ना तुला? घरी यायचं म्हणून?"

"हो. आई, आता मी फोन कठड्यावर ठेवतेय. पाच मिनिटं. ओरडायचं नाही."

"का? कुठे चाललीस?"

"ओरडायचं नाही," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्याचा आवाज आला.

मी ओरडले नाही. तोंडावर हात ठेवून बसले. आधी नुसता वारा. मग गमबुटांचा आवाज, लांब लांब जाणारा. बराच वेळ काही नाही. मग अंगणाच्या त्या टोकाहून तिचा आवाज आला, मोठ्याने, एकेक आकडा सुटा म्हणत. पाच, सहा, सात. जरा थांबून, आठ. मग कुणालातरी रागावली, "चल गं बाई, आत हो, तुझ्यासाठी वेगळं आमंत्रण हवंय का?" नऊ. तिकडच्या कोंबड्यांना ती आपल्या भाषेत रागावत होती आणि त्या ऐकत होत्या. मग लाकडी दार घासत बंद झालं. कडी पडली. ती कडी तिने एकदा ओढून पाहिली. पुन्हा एकदा पाहिली.

पावलं परत आली.

"हं, बोल आई."

"काही नाही. दार लावलंस?"

"लावलं."

मी फोन ठेवला. अकरा मिनिटं झाली होती. पाच महिन्यांत एवढा छोटा फोन झाला नव्हता. हे पेपर बाजूला ठेवून माझ्याकडे बघत होते.

"काय झालं?"

"ती विसरली नव्हती," मी म्हटलं. "मी धरून ठेवली होती तिला."

"ते मला माहीत आहे."

"मालकीणबाईंना कुठे माहीत आहे?"

हे म्हणाले, "तू सांगितलंस, तर ती अठ्ठावीसला येणार नाही. फेब्रुवारीपर्यंत तरी नाही. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"आणि नंतर गुडघ्याला बरं वाटलं नाही तर आणखी."

"तुम्ही झोपा."

हे झोपले. ह्यांना लगेच लागते, हेही ह्यांचं एक बरं आहे. आता दीड वाजला आहे. बबडीच्या खोलीत जाऊन मी गादीवरची चादर काढून घडी केली. कपाटाचं दार लावायला हात गेला होता, मग राहू दिलं.

बबडीला यातलं काही सांगायचं नाही. ती नको म्हणेल, तक्रार नोंदवून घेतली म्हणेल आणि तिथेच विषय मिटवेल. संध्याकाळच्या फोनची वेळही बदलायची आहे, पण ते तिला विचारून. जूनमधला आरक्षणाचा मेल सापडला, त्यात नंबर आहे. एका कागदावर इंग्रजीत सहा वाक्यं लिहून काढली. तीन वेळा "एक मिनिट" म्हटलं, हे त्यात आहे. उंची आणि स्थळ नाही, ते त्यांना काय समजावणार. आज दार कसं लावलं, तेही आहे. कडी दोनदा ओढली.

मालकीणबाई सकाळची धार काढून साडेसात वाजता स्वयंपाकघरात येतात, तेव्हा आपल्याकडे अकरा वाजलेले असतात. उद्या अकराला मी त्यांना फोन करणार आहे. पहिलं वाक्य पाठच आहे. मला खोली नको, मी आई बोलतेय.